लाल कोटाच्या खिशात

सुखी माणसानं गुपचूप बसावं, असं माझी बायको मैत्री म्हणते. मला ते जमत नाही. मी सुखी आहे, अगदी बेशरमपणे सुखी आहे, आणि त्याची मला इतकी लाज वाटते की रविवारी बाबांच्या समोर जेवायला बसलो की घास तोंडात फिरत राहतो.

माझं नाव संघदीप. मागच्या मार्चपर्यंत मी एका सरकारी खात्यात मोठा इंजिनिअर होतो. दाराबाहेर शिपाई, खाली पांढरी बोलेरो, बोलेरोवर 'मध्यप्रदेश शासन' आणि बोलेरोत मारुती ड्रायव्हर. मी केबिनमधून निघालो की व्हरांड्यातले लोक उभे राहायचे. अरे यार, मी बाथरूमला निघालो तरी उभे राहायचे! आता मी श्रीराम मास्टरांच्या बँडमध्ये क्लारनेट वाजवतो. हो, लग्नाच्या बँडमध्ये. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर तुऱ्याची टोपी. हसायचं असेल तर हसून घ्या, मैत्रीसुद्धा पहिल्यांदा पलंगावर पडून हसली होती.

लोक विचारतात, काय झालं होतं? काही झालं नव्हतं. चौकशी नाही, बदली नाही, साहेबाशी भांडण नाही. झालं एवढंच, की बडा गणपतीपाशी एका वरातीच्या मागे माझी गाडी अडकली. मारुती हॉर्नवर हॉर्न मारत होता आणि पुढचा क्लारनेटवाला असा बेसूर वाजवत होता की माझे दात आंबले. मी खाली उतरलो, गर्दीतून त्याच्यापर्यंत गेलो आणि म्हणालो, "भिया, पत्ती चिर गई है तुम्हारी. बदल लो."

तो घामानं निथळत होता. त्यानं क्लारनेट माझ्या हातात कोंबलं. "इतना आता है तो तू ही बजा ले."

पत्ती, म्हणजे क्लारनेटच्या तोंडाशी बसवलेली वेताची पातळ पट्टी, बदलली आणि वाजवलं. रस्त्याच्या मधोमध, सफारी सूट घालून. किती वेळ वाजवलं कुणास ठाऊक. मागे ट्रॅफिक तुंबलं होतं आणि कुणीतरी ओरडत होतं, "ऐ क्लारनेट, आगे बढ़!" पंचवीस वर्षांत मला असं कुणी ओरडलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू! त्यानंतर फायली पुढ्यात आल्या की मला तेच ऐकू यायचं. वर्षभर कसंबसं ढकललं आणि व्हीआरएसचा अर्ज दिला.

आता क्लारनेट मला कसं येतं, हे सांगायला हवं, कारण सगळी गोम तिथेच आहे. बाबा फौजेत होते, महूला. आमच्या क्वार्टरच्या शेजारी पलटणीच्या बँडमधले एक हवालदार राहायचे. त्यांनी मला शिकवलं. दोन-तीन वर्षं शिकलो असेन, चोरून. एका दुपारी बाबा लवकर आले. मी वाजवत होतो. त्यांनी क्लारनेट माझ्या हातातून काढून घेतलं, रुमालानं पुसलं, शेजाऱ्यांना नेऊन दिलं आणि परत येऊन म्हणाले, "माझ्या घरात हे वाजणार नाही." मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग रात्रीच्या जेवणाला त्यांनी सांगितलं. माझा आजा वऱ्हाडातल्या गावात सनई वाजवायचा. आवड म्हणून नाही, वाजवावंच लागायचं. पाटलाकडे लग्न असलं की आजा पुढे, आणि लहानगा धोंडिबा, म्हणजे माझे बाबा, मागे झांजा घेऊन. दिवसभर वाजवायचं. सगळ्यांच्या पंगती उठल्या की यांना उकिरड्याच्या कडेला बसवून वरून वाढायचे. दीक्षा घेतली त्या वर्षी आज्यानं सनई खाली ठेवली, ती कायमची. गावानं बोलणं टाकलं, काम देणं बंद केलं, पण त्यानं परत हात लावला नाही. बाबा फौजेत गेले. मी इंजिनिअर झालो. बाबांच्या हिशेबात हा एकच रस्ता होता, उकिरड्यापासून निघालेला आणि माझ्या केबिनपर्यंत आलेला.

आणि मी काय केलं? त्या रस्त्यानं उलटा चालत गेलो. आवड म्हणून! मजा येते म्हणून!

तर मी बाबांना सांगितलंच नाही. बाबा राऊला राहतात, रिटायर झाल्यावर बांधलेल्या घरात. आई गेल्यापासून एकटेच. आमच्याकडे राजेंद्र नगरला या म्हटलं की म्हणतात, "माझी गल्ली आहे इथे." दर रविवारी मी जायचो. बोलेरो फाटकासमोर उभी राहायची, मारुती दार उघडायचा, बाबा खुर्ची टाकून बाहेरच बसलेले असायचे. गल्लीतली पोरं 'साहेब आले, साहेब आले' करायची. बाबा माझ्याकडे बघायचे नाहीत, गाडीकडे बघायचे.

गाडी तर गेली. मग मी काय अक्कल लढवली असेल? एक पांढरी गाडी भाड्यानं ठरवली. मनीष नावाचा ड्रायव्हर. त्याला म्हटलं, पांढरा शर्ट घाल आणि मी उतरताना दार उघड. तो म्हणाला, "भिया, शादी-वादी है क्या?" बाबांनी पहिल्याच रविवारी विचारलं, "पाटी कुठे गेली रे गाडीवरची?" मी म्हणालो, "आता नवीन नियम आहे बाबा, पाटी लावू देत नाहीत." बाबांनी मान डोलावली. फौजेतला माणूस, नियम म्हटला की संपलं.

"तुम्ही सांगता की मी सांगू?" मैत्री दर रविवारी सकाळी विचारायची.

"सांगतो ना."

"नोकरी सोडली तेव्हा मी काही बोलले नाही. बँड धरला तेव्हाही नाही. पण ही भाड्याची गाडी मला पटत नाही. म्हाताऱ्या माणसाला फसवताय तुम्ही."

"आज सांगतो," मी म्हणायचो, आणि मनीष हॉर्न वाजवायचा.

एका रविवारी खरंच ठरवून गेलो. तर बाबांच्या शेजारी गयाबाई बसलेल्या. समोरच्याच घरातल्या. बाबांच्या पोळ्या त्याच करतात.

"बरं झालं साहेब आला," गयाबाई म्हणाल्या. "नाली तुंबली आहे गल्लीची. घाण पानी दारापर्यंत येतं. तक्रार करून थकलो आम्ही सगळे, कोई सुनता ही नहीं."

"मी सांगितलंय हिला," बाबा म्हणाले, "की संघदीपला एक फोन लावू दे. खुर्ची कशाला असते मग?" आणि माझ्याकडे वळून, अगदी हळू, "गल्लीला शब्द दिलाय मी."

आता सांग, आता सांग, असं मनात चाललं होतं. तोंडातून निघालं, "बघतो बाबा."

दुसऱ्या दिवशी मी माझ्या जुन्या हाताखालच्या माणसाला फोन केला. यशवर्धन त्याचं नाव. मार्चपर्यंत माझा फोन तो दुसऱ्या रिंगला उचलायचा, जेवत असला तरी. परत केला, परत केला. मग मेसेज आला, सर मीटिंगमध्ये आहे. ती मीटिंग अजून चालूच असेल. खुर्चीत बसलो होतो तेव्हा खुर्चीचा कंटाळा आला होता, हे खरं. पण त्या खुर्चीच्या आधारानं एक पूर्ण गल्ली उभी आहे, हे मी बघितलंच नव्हतं. सुटलो मी. एकटाच सुटलो.

आणि तरीही संध्याकाळी कोट चढवला की सगळं विसरायचो, हे सांगायला जीभ रेटत नाही पण खरं आहे. क्लारनेट तोंडाला लावलं की मी कुणाचा साहेब नसायचो, कुणाचा मुलगा नसायचो. पहिल्या वरातीनंतर आम्हाला मांडवाच्या मागे, जनरेटरच्या पलीकडे बसवलं. कागदी प्लेटी दिल्या. बाजूला उष्ट्याचा ढीग होता. ढोलवाला पंढरीनाथ प्लेट मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत होता, साहेब आता काय करतो म्हणून. मला राग यायला हवा होता. मांडवात जाऊन आरडाओरडा करायला हवा होता. मला भूक लागली होती, भिया. मी जेवलो. पुरी गरम होती, ती मला आवडली. घरी येऊन झोपताना आज्याची आठवण झाली, तेव्हा कुठे घास अडकला.

त्यात पंढरीनाथला रोज तिथेच बसायचं आहे, मला मात्र वाटेल तेव्हा घरी जाता येतं, टेबल-खुर्चीवर. हेही माहीत होतं मला. माहीत असण्यानं काही होत नाही.

देवउठनी एकादशीनंतर लग्नं परत सुरू झाली आणि श्रीराम मास्टर म्हणाले, "राऊची वरात आहे, इंजिनिअर. दुसरा क्लारनेट आजारी आहे. येशील ना?"

वरात बाबांच्याच गल्लीतून जाणार होती. त्या गल्लीच्या टोकाला मॅरेज गार्डन आहे. नाही म्हणायला हवं होतं. पण मी मनात गणित मांडलं. बाबा बँडचा आवाज आला की घराच्या सगळ्या खिडक्या लावून घेतात. आयुष्यभर लावत आले. आई हसायची, म्हणायची, आली वाटतं वरात, तुझ्या बाबांची पळापळ सुरू. म्हणजे ते आत असणार, खिडक्या बंद असणार आणि मी टोपी खाली ओढून निघून जाणार. बापाच्या दुखण्याचा मी आडोसा केला, बघा. इतका हुशार मी.

संध्याकाळी दिवेलागणीला वरात गल्लीत शिरली. पुढे आम्ही, मागे घोडीवर नवरदेव, दोन्ही बाजूंना डोक्यावर दिवे घेतलेल्या बाया. बाबांच्या घराच्या खिडक्या पटापट बंद होताना मी स्वतः पाहिल्या. सुटलो, असं वाटलं. आणि तेवढ्यात पुढची मंडळी थबकली.

नाली ओसंडली होती. फाटकासमोरचा रस्ता या कडेपासून त्या कडेपर्यंत काळ्या पाण्यानं भरलेला. घोडी पुढे जाईना. भरजरी साड्यांतल्या बाया नाकाला पदर लावून मागे सरकल्या. नवरदेवाचा काका ओरडायला लागला, "ये क्या तमाशा है? कोई रहता है यहाँ कि नहीं?" श्रीराम मास्टरांनी हात वर केला, बँड थांबला.

दार उघडलं आणि बाबा बाहेर आले.

अंगात स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट, पाठ अजून ताठ. मागून गयाबाई. "एक मिनट रुकिए," बाबा काकाला म्हणाले. "मेरा लड़का बड़ा इंजीनियर है. साहब है. अभी फोन लगाता हूँ, आदमी आ जाएँगे." त्यांनी स्वेटरमधून तो मोठ्या बटणांचा फोन काढला आणि डोळ्यांपासून लांब धरून एक बटण दाबून ठेवलं.

माझ्या लाल कोटाच्या आतल्या खिशात फोन थरथरायला लागला. बरोबर छातीवर.

आवाज येत नव्हता. वाजवताना मी तो बंदच ठेवतो. कुणालाच कळलं नसतं. बाबांच्या चष्म्याचा नंबर मोठा आहे, आम्ही सगळे एकसारख्या कोटातले, टोपी भुवयांपर्यंत. नुसतं उभं राहायचं होतं. फोन थरथरून थांबला असता.

"उचलेल," बाबा गयाबाईंना म्हणाले. "कितीही कामात असला तरी माझा फोन उचलतो तो."

थांबला. बाबांनी फोनकडे बघितलं. लोक बघत होते. काका हसला. "लगा लो, लगा लो. साहब बिजी होंगे."

बाबांनी परत बटण दाबलं. ज्या माणसानं माझ्या भरवशावर शब्द दिला होता, तो माझ्यासमोर चारचौघांत खोटा पडत होता, आणि मी तुऱ्याची टोपी घालून बघत होतो. थू माझ्या सुखावर, असं वाटलं. मी खिशात हात घातला आणि फोन कानाला लावला.

"बोला बाबा."

माझा आवाज त्यांना दोन्ही कानांनी ऐकू गेला असणार. ते वळले. एकेका लाल कोटावरून त्यांची नजर फिरत आली आणि माझ्यापाशी थांबली. मी टोपी काढली. का काढली, माहीत नाही. बाबांनी माझ्या हातातल्या क्लारनेटकडे बघितलं, मग परत माझ्याकडे. फोन त्यांनी कानावरून काढला नाही. मीही नाही. आम्ही चार हातांच्या अंतरावर उभे होतो आणि फोनवर बोलत होतो.

मग त्यांनी विचारलं, "जेवायला कुठे बसवतात?"

माझी नजर मॅरेज गार्डनकडे गेली.

"मागे?"

"हो बाबा."

"किती जण आहात?"

"दहा-बारा."

"तिथे जेवू नका," बाबा म्हणाले. "वाजवून झालं की सगळे इकडे या. गयाबाईला पोळ्या टाकायला सांगतो." मग त्यांनी फोन बंद केला, काकाकडे वळून म्हणाले, "साहब नहीं आ पाएँगे," आणि फाटकाच्या कोपऱ्यात पडलेल्या विटा उचलून स्वतः पाण्यात टाकायला लागले. मी क्लारनेट पंढरीनाथकडे दिलं आणि धावलो. आम्ही बाप-लेकांनी त्या विटा टाकल्या. एकमेकांकडे बघितलं नाही. त्या विटांवरून वरात गेली, घोडी पाण्यातून गेली, आणि मी भिजलेल्या बुटांनी वाजवत पुढे गेलो. काय वाजवलं, आठवत नाही.

रात्री सगळा बँड बाबांच्या घरात जेवला. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली लाल कोटांची रांग. टेबल लहान, म्हणून बाबांनी शेजारून खुर्च्या आणवल्या. जमिनीवर कुणाला बसू दिलं नाही. पंढरीनाथ म्हणत होता, "दादाजी, हम नीचे बैठ जाएँगे," तर बाबा गरजले, "कुर्सी पर बैठिए!" आणि वाढलं स्वतः. गुडघे धरून, एकेकाच्या पानात. माझ्यापाशी शेवटी आले.

"कधीपासून?"

"मार्चमध्ये नोकरी सोडली, बाबा."

त्यांनी वरण वाढलं. "मग ती पांढरी गाडी?"

"भाड्याची."

पळी पातेल्यातच राहिली. "तिच्यात बसून मी डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो होतो," बाबा म्हणाले. "काच खाली करून सगळ्या गल्लीला हात केला होता मी."

मला वाटलं होतं ते वाजवण्यावरून बोलतील, आज्याचं नाव काढतील. त्याची उत्तरं मी इतके महिने तयार करत होतो. माझा आनंद, माझं स्वातंत्र्य, आता कुणाची बळजबरी नाही वगैरे. हा हात मी हिशेबात धरलाच नव्हता. बाबा भात घेऊन परत पहिल्या पानाकडे गेले.

नालीसाठी मी आता रोज माझ्याच जुन्या हापिसात जातो आणि गयाबाईंसारखा बाकावर बसतो. मला बघून कुणी उभं राहत नाही. अजून काम झालेलं नाही.

पुढच्या रविवारी मी बसनं गेलो, मैत्री बरोबर होती. क्लारनेटची पेटी घरी ठेवत होतो, तर ती म्हणाली, "आता लपवायला काय राहिलंय?" म्हणून घेतली. बाबा फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते. आम्ही समोर येऊन उभे राहिलो, तरी त्यांनी सवयीनं आमच्या मागे बघितलं. रस्ता मोकळा होता.

जेवण झालं, चहा झाला. नोकरीचं कुणी बोललं नाही, मैत्री आमच्या मुलीच्या परीक्षेबद्दल सांगत राहिली. बाबा ऐकल्यासारखं करत होते आणि मधूनमधून पेटीकडे बघत होते. मग ते उठले. त्यांनी पुढची खिडकी लावली. मग स्वयंपाकघरातली. मग मागची, तिची कडी अडकते, ती जोर लावून बसवली. बाहेर कुठेही बँड वाजत नव्हता.

"माझा बाप चांगला वाजवायचा," खुर्चीत बसत ते म्हणाले. "फार चांगला. मी ते कधी कुणाला सांगितलं नाही." थोडा वेळ ते गुडघ्यावरून हात फिरवत राहिले. "वाजव आता. बाहेर ऐकू जाऊ देऊ नको."

मी पेटी उघडली. पत्ती ओली करायला तोंडात धरली, पण डोळ्यांतून पाणीच थांबेना, म्हणून मैत्रीनं उठून रुमाल माझ्या हातात दिला. मग मी वाजवलं, हळू आवाजात.